चिलापी मूळची नेमकी कुठली? (नकाशा काढतोय, मदत हवी)

नकाशेबाज
मंडळी, एक किचकट प्रश्न घेऊन आलोय. आमच्या निसर्ग मंडळाचं छोटंसं प्रदर्शन आहे, विषय 'बाहेरून आलेले जीव'. घाणेरी, गाजरगवत, जलपर्णी हे सगळं लोकांनी आधीच पटकावलं, माझ्या वाट्याला चिलापी आली. तीच ती, उजनीची, भिगवणला ताटात येते ती. म्हटलं सोपं आहे, आफ्रिकेचा नकाशा घ्यायचा, मूळ प्रदेश रंगवायचा, तिथून भारतापर्यंत एक बाण ओढायचा, झालं काम.

कसलं काय. जीबीआयएफवरून (जगभरच्या जीवांच्या नोंदींचा खुला साठा) 'ओरिओक्रोमिस मोझांबिकस'च्या, म्हणजे चिलापीच्या शास्त्रीय नावाच्या, सगळ्या नोंदी उतरवून घेतल्या आणि नकाशावर टाकल्या, तर फ्लोरिडा, क्वीन्सलँड, जावा, तमिळनाडू, जिथे बघावं तिथे ठिपके. बरं, हे उघडच बाहेरचे, ते पुसले. पण खुद्द आफ्रिकेत मोझांबिकपासून पार नामिबियापर्यंत ठिपके आहेत त्यांचं काय करू? त्यातले मूळचे कोणते आणि माणसाने नेऊन सोडलेले कोणते हे ठिपक्यावर लिहिलेलं नसतं. त्यात एका ठिकाणी वाचलं की दक्षिणेची हद्द अल्गोआ उपसागर, दुसरीकडे बुशमन्स नदी. कुणाचं धरू? माशांमधलं मला फक्त खाण्यापुरतं कळतं, त्यामुळे जाणकारांनी हात द्या.

टवाळ टिंग्या
मूळची कुठलीही असो, आता आधार कार्ड उजनीचं आहे.

प्रश्नचिन्ह
धागा वाचनखूण साठवला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय, नाहीतर तळलेली चिलापी.

भीमाकाठ
आम्ही इंदापूरकडचे. आमच्याकडे चिलापी म्हणजे चिलापी, मोझांबिक-बिझांबिक कुणाला ठाव. आजोबा सांगायचे ते मासे म्हणजे मरळ, वाम, शिंगटा, आणि धरण १९८० ला पुरं झालं त्यानंतर कटला-रोहूचं बीज सोडायला लागले. चिलापी मधेच कधीतरी आली आणि आता जाळ्यात निम्म्याच्या वर तीच असते, लोक शिव्याही देतात आणि पोटही तिच्यावरच भरतात. मला एक सांगा, आमच्या जाळ्यात दोन जातीच्या येतात असं मला कायम वाटतं. एक काळपट, तोंड पुढं आलेली, आणि दुसरी जरा उंच, फिकट, शेपटीवर पट्टे असलेली. ही एकच का वेगळी?

सिक्लिडप्रेमी
@भीमाकाठ दादा, नजर पक्की आहे तुमची. शेपटीवर उभ्या बारीक पट्ट्या स्पष्ट दिसत असतील तर ती नाईल तिलापिया (तिलापिया म्हणजेच आपली चिलापी), ओरिओक्रोमिस निलोटिकस. आणि काळपट, विणीच्या हंगामात अंगाने जवळजवळ काळाकुट्ट झालेला, हनुवटी-गळा पांढरा, शेपटीच्या आणि पाठीवरच्या पराच्या काठाला लाल किनार, जबडा मोठा होऊन कपाळाला खळ पडलेली, तो मोझांबिकचा नर. माद्या आणि लहान मासे ओळखणं मात्र कठीण. दोघांचा संकरही होतो, त्यामुळे मधलेअधले नमुने निघतात, ते बघून भलेभले डोकं धरतात.

@नकाशेबाज, तुझ्या कामाचा पहिला धोका हाच. ठिपक्याखालचं नाव बरोबर आहे का ते आधी बघ. खालच्या झांबेझीत ओरिओक्रोमिस प्लॅसिडस म्हणून एक भावंड आहे, मोझांबिकसारखंच गडद, जुन्या नोंदींमध्ये ही दोघं एकमेकांच्या नावावर खपलेली आहेत. त्यामुळे ज्या नोंदीमागे संग्रहालयातला नमुना आहे ती एका बाजूला आणि 'मी पाहिला' एवढंच असलेली दुसऱ्या बाजूला, असे दोन गट कर.

निवृत्त मास्तर
आधी भारताची बाजू सांगून टाकतो. मोझांबिक तिलापिया आपल्याकडे १९५२ साली आली, तमिळनाडूत मंडपमला. त्या काळी हा 'चमत्कारी मासा' मानला जात होता, गरिबांना स्वस्त प्रथिनं मिळतील म्हणून अनेक देशांनी आणला. तिथून दक्षिणेतल्या तळ्यांमध्ये सोडला गेला आणि मग लक्षात आलं की मादी पिल्लं तोंडात सांभाळते म्हणून जगण्याचं प्रमाण प्रचंड, लवकर वयात येतो, तळं भरून जातं आणि सगळे मासे बोटाएवढेच राहतात. १९५९ मध्ये मत्स्य संशोधन समितीने त्याचा प्रसार थांबवायला सांगितलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. नाईल तिलापिया आपल्याकडे नंतरची, सत्तरच्या दशकाच्या शेवटची.

तुमचा नकाशा मोझांबिकसचाच असेल तर नाव तसं स्वच्छ लिहा. 'तिलापिया' म्हटलं की लोक दोन्ही एकत्र धरतात, आणि दोघींची माहेरं पार वेगळी आहेत. नाईलवाली नाईल, नायजर, सेनेगल, व्होल्टा, चाडचं खोरं, टांगानिका, अल्बर्ट, एडवर्ड, तुर्काना या भागातली. गंमत म्हणजे व्हिक्टोरिया सरोवराची ती मुळीच नाही, तिथेही १९५०च्या दशकात माणसानेच सोडली, आणि आज तिथल्या बाजारात तीच 'आमचा मासा' म्हणून विकली जाते.

टवाळ टिंग्या
म्हणजे आपल्या बटाट्यासारखं, उपवासालाही चालतो.

कर्परवाला
जोहान्सबर्गहून नमस्कार. मूळचा सोलापूरचा, इथे बरीच वर्षं. इथले गळवाले लोक तुमच्या चिलापीला 'ब्लू कर्पर' म्हणतात आणि तिच्यासाठी शनिवार-रविवार धरणावर मुक्काम टाकतात. मीही जातो, हार्टबीस्पोर्टला. तिथे पण जलपर्णी, त्यामुळे गाव आठवतं. 😀

तर मुद्दा असा. हार्टबीस्पोर्ट क्रोकोडाईल नदीवर, ती लिंपोपोला मिळते, लिंपोपो हिंद महासागराला. पण जोबर्गच्या मधोमध विटवॉटर्सरँडची रांग आहे, तिच्या दक्षिणेला पडलेलं पाणी व्हालमध्ये, व्हालमधून ऑरेंजमध्ये आणि थेट अटलांटिकमध्ये. आपल्या घाटमाथ्याचंच प्रकरण, एका बाजूचा पाऊस अरबी समुद्रात आणि दुसऱ्या बाजूचा बंगालच्या उपसागरात. आता ब्लू कर्पर रांगेच्या उत्तरेला लिंपोपोच्या खोऱ्यात मूळचा आहे असं सगळे मानतात आणि खालच्या ऑरेंजमध्ये जो सापडतो तो नेऊन सोडलेला. नामिबियाचे ठिपके पण त्यातलेच. म्हणजे नकाशाचं पश्चिमेचं अर्धं डोकं दुखणं एका झटक्यात जातं. ठिपका कुठल्या देशात आहे ते विसर, कुठल्या खोऱ्यात आहे ते बघ.

नकाशेबाज
@कर्परवाला हे फार कामाचं दिलंत! खोऱ्यांच्या सीमांचा थर माझ्याकडे आहे, लगेच टाकतो. अटलांटिककडे जाणारं सगळं उडवलं. आता उरलं पूर्वेचं. झांबेझी पूर्ण रंगवू का? नदी तर अंगोला-झांबियापासून येते.

सिक्लिडप्रेमी
नाही नाही नाही. थांब. झांबेझी ही माशांच्या हिशोबाने एक नदी नाहीच, तीन नद्या एकाखाली एक आहेत.

व्हिक्टोरिया धबधब्याच्या वर वेगळे तिलापिया, अँडरसोनी आणि मॅक्रोचीर. धबधब्यापासून खाली करिबा धरण आणि मग कहोरा बासाच्या घळीपर्यंत ओरिओक्रोमिस मॉर्टिमेरी. आणि त्या घळीच्या खाली, टेटेपासून समुद्रापर्यंत, आपली मोझांबिकस. ही घळ म्हणजे तीच केब्राबासा, जिथे १८५८ मध्ये लिव्हिंगस्टनची आगबोट अडली आणि 'झांबेझी म्हणजे आफ्रिकेत शिरायचा जलमार्ग' हे त्याचं स्वप्न खडकावर आपटलं. तिथे आता धरण आहे, १९७४ च्या शेवटी पाणी अडवलं, म्हणून आजच्या नकाशात नुसतं निळं सरोवर दिसतं आणि पूर्वी तिथे केवढा अडथळा होता हे लक्षातच येत नाही. मॉर्टिमेरी ही वेगळी जात म्हणून १९६६ मध्ये एथेलविन ट्रेवावस बाईंनी मांडली. त्याच्या आधीची मधल्या झांबेझीतली 'मोझांबिका' अशी नोंद दिसली की सावध हो, तो मासा मॉर्टिमेरी असायची शक्यता दाट.

तसंच शिरे नदीचं. मलावी सरोवरातून निघते आणि झांबेझीला मिळते. मधे धबधब्यांची माळ आहे, शेवटचा कापिचिरा. त्याच्या खाली मोझांबिकस, वर शिरानस आणि चांबो या वेगळ्या तिलापिया. मलावी सरोवर चुकूनही रंगवू नकोस, तिथले लोक येऊन मारतील.

प्रश्नचिन्ह
एक बाळबोध शंका. मासा धबधबा चढू शकत नाही हे मान्य. पण उतरू तर शकतो ना? पुरात वरचे मासे खाली वाहून येतच असणार. मग धबधबा हद्द ठरवतो असं कसं म्हणता?

सिक्लिडप्रेमी
शंका बाळबोध नाहीये, मुद्द्याची आहे. धबधबा एकेरी दार आहे. त्याच्यावरून एवढंच सांगता येतं की खालचा मासा स्वतःहून वर गेलेला नाही. वरचा खाली आला का, टिकला का, खालच्यात मिसळला का, हे धबधबा सांगत नाही. त्यासाठी जुने नमुने लागतात, धरणं आणि मत्स्यबीज केंद्रं यायच्या आधीचे.

आणि ते आहेत. विल्हेल्म पीटर्स नावाचा बर्लिनचा माणूस १८४२ मध्ये निघाला आणि १८४८ पर्यंत मुख्यतः मोझांबिकमध्ये फिरला. टेटे, सेना, क्वेलिमाने, इन्हांबाने करत साप, बेडूक, मासे, वनस्पती जे मिळेल ते स्पिरिटमध्ये घालून घरी नेलं. १८५२ मध्ये त्याने हा मासा जगापुढे ठेवला, तोही नाईल तिलापियाचा एक प्रकार म्हणून. त्या काळात मासे ट्रकमधून इकडून तिकडे जात नव्हते, त्यामुळे त्याच्या बरणीत जे आहे ते तिथलंच.

हळदीचा डाग
बरणीवरच्या लेबलवर एवढा विश्वास? आमच्या कॉलेजच्या संग्रहात एका बरणीवर 'महाबळेश्वर' असं लिहिलेलं आणि आत पापलेट होतं.

निवृत्त मास्तर
@हळदीचा डाग 😂 अशा बरण्या प्रत्येक कॉलेजात असतात, प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी झाकणं बदलतात. पण हेच उत्तर आहे बघा. लेबल खोटं असलं तरी मासा आत असतो, शंभर वर्षांनीही काढून खवले, कल्ल्यांचे काटे मोजता येतात आणि नाव दुरुस्त करता येतं. फोटो नसलेल्या नोंदीला हा इलाज नाही. दक्षिण आफ्रिकेत यासाठी मोठा राष्ट्रीय संग्रह आहे, मखांडा म्हणजे पूर्वीच्या ग्रॅहम्सटाउनला, तिथल्या जलजैवविविधता संस्थेत. आणि ट्रेवावस बाईंनी लंडनच्या संग्रहालयात बसून आयुष्यभर हेच केलं, १९८३ मध्ये तिलापिया कुळावरचा जाडजूड ग्रंथ आला तेव्हा वय वर्षे त्र्याऐंशीच्या आसपास.

मांडवीकाठची
इथे कोणी गोव्याचं नाव काढलं नाही म्हणून मीच काढते. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालायचा, हे शाळेत कोणी शिकवत नाही. झांबेझीच्या काठी जे मोठे जमीनदार होते त्यांच्यात गोंयकार पण होते. मानुएल आंतोनियो द सौझा, गोव्यात जन्मला, गोरोंगोझाकडे जाऊन अक्षरशः स्वतःची फौज ठेवून राजा झाला. आमच्या घरातले पण एक आजोबा लॉरेन्सो मार्किसला (आताचं मापुटो) होते, मासे मिळायचे नाहीत अशी तक्रार त्यांनी कधीच केली नाही. तर माझा प्रश्न, एवढी ये-जा असताना हा मासा १९५२ च्या आधीच गोव्यात आला नसेल कशावरून? काजू आला, मिरची आली.

निवृत्त मास्तर
मांडवीकाठची ताई, काजू बी होऊन येतो, मिरची पण. जिवंत मासा शिडाच्या जहाजावर पिंपात घालून महिनोन्महिने कोण सांभाळणार? तसा काही पुरावाही नाही. बाकी गोंयकार समुद्रावर असताना गोड्या पाण्यातला मासा मुद्दाम घेऊन येईल हे मला मानवशास्त्राच्या दृष्टीनेच पटत नाही.

मांडवीकाठची
हे मात्र खरं हां. तोंडात पण घेणार नाही. माघार. 😄

नकाशेबाज
गोवा प्रकरण मिटलं असेल तर माझ्या दक्षिण टोकाकडे वळूया का? अल्गोआ का बुशमन्स?

कर्परवाला
अरे हे भांडण नाहीच, नकाशा मोठा करून बघ. अल्गोआ उपसागर म्हणजे पोर्ट एलिझाबेथपासून, आता ग्केबेऱ्हा म्हणतात, पूर्वेला केप पॅड्रोनपर्यंतची खोबण. आणि बुशमन्स नदी समुद्राला मिळते केंटन-ऑन-सीला, म्हणजे केप पॅड्रोन ओलांडलं की लगेचच पुढे. एकाने उपसागराचं नाव घेतलं, दुसऱ्याने त्याच्या शेजारच्या नदीचं. नदीचं नाव जास्त नेमकं आहे, ते धर. उपसागर लिहिलास की बघणारा पश्चिमेच्या टोकापर्यंत रंगवतो, जी चूक नको.

पण एक सांगतो जे कोणी बोललं नाही. तिथपर्यंतचा अख्खा प्रदेश आतपर्यंत रंगवू नकोस. ईस्टर्न केप आणि क्वाझुलू-नाताळ या प्रांतांमध्ये हा मासा मूळचा आहे तो फक्त किनाऱ्याच्या पट्टीत. नदीची मुखं, खाड्या, आणि तिथे वाळूचा बांध पडून समुद्रापासून तुटलेली जी पाणथळं असतात त्यांच्यात. पोंगोला नदीच्या उत्तरेला तो आत देशात शिरतो, दक्षिणेला मूळचा फक्त किनाऱ्यालगत. बाकी आतल्या धरणांमध्ये जो आहे तो गळवाल्यांची आणि शेतकऱ्यांची कृपा.

प्रश्नचिन्ह
का पण? नदी तीच, पाणी तेच. वर कोणी बोर्ड लावलाय का?

सिक्लिडप्रेमी
थंडीने लावलाय. हा उष्ण पाण्याचा मासा, पाणी दहा-बारा अंशांच्या आसपास उतरलं की गळपटतो. किनाऱ्याला अगुल्हास प्रवाह आहे, उत्तरेकडून कोमट पाणी घेऊन येतो, त्यामुळे समुद्राकाठ हिवाळा सौम्य. जरा आत चढलात की ड्रॅकन्सबर्ग डोंगरांची थंडी.

आणि याच्याही पुढची गंमत, थंडीत थोडं मीठ उपयोगी पडतं. गोड्या थंड पाण्यात माशाच्या रक्तातले क्षार टिकत नाहीत, तेवढ्याच थंड पण मचूळ पाण्यात तो जास्त तग धरतो, प्रयोगातून दिसलंय. म्हणजे दक्षिणेच्या टोकाला खाडीत तो का आहे आणि चार मैल वर नदीत का नाही, याचं उत्तर त्याच्या अंगातच आहे. मिठाचं तर त्याला वावडंच नाही. समुद्राच्या तिप्पट खारट पाण्यातही जगतो, तिकडचं सेंट लुसिया सरोवर दुष्काळात आटून मिठागर व्हायला येतं तेव्हा शेवटी टिकणाऱ्यांत हा असतो. मी एकदा टाकीत मीठ वाढवत नेऊन बघितलं होतं, आमच्याकडे बाकीचे मासे ठेवायची मारामार आणि हा पठ्ठ्या पिठाच्या गोळीची वाट बघत काचेला नाक लावून.

म्हणूनच झांबेझीच्या मुखापासून बुशमन्सपर्यंत जवळपास १५ अक्षांशांची किनारपट्टी त्याला मिळाली. बाकीच्या गोड्या पाण्यातल्या माशांना एका नदीतून दुसरीत जायला डोंगर फुटून प्रवाह बदलावा लागतो किंवा पुराने दलदली जोडाव्या लागतात. याला पुराच्या वेळी मुखाजवळचं मचूळ पाणी पुरतं.

भीमाकाठ
हे वाचून आमच्याकडचं कोडं सुटल्यासारखं झालं. उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये जाते, पाणी हिरवंगार, वास मारतं, बाकी मासे वर येऊन तोंड उघडतात, ही मस्त.

सिक्लिडप्रेमी
@भीमाकाठ ते मीठ नाही, ते कमी प्राणवायू सोसणं. पण चिवटपणा तोच.

हळदीचा डाग
मला एक कळत नाही. हा मासा किनाऱ्याने एवढा लांब जातो, तर मग जावातला स्वतः पोहत गेला नसेल कशावरून? आता हसू नका.

टवाळ टिंग्या
हसलो नाही. लोळलो.

निवृत्त मास्तर
हिंद महासागर ओलांडायचा म्हणजे खाडीतून खाडीत जाणं नव्हे हो. जावाची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. १९३९ मध्ये पूर्व जावात, ब्लिटारच्या दक्षिण किनाऱ्यावर, सेरांग नदीच्या मुखाशी मुजाईर नावाच्या गृहस्थांना हे मासे सापडले. त्यांनी ते गोड्या पाण्यात रुळवून वाढवले आणि आजही इंडोनेशियात हा मासा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आफ्रिकेतून तिथे कसा पोचला याची नोंद कुठेच नाही, अक्वेरियमवाल्यांनी आणला असावा असं बहुतेकांना वाटतं. पुढे युद्धाच्या काळात जपान्यांनी तो आशियात पसरवला, १९४६ मध्ये दोन माणसांनी सिंगापूरहून तैवानला नेला. आशियातली बरीचशी मोझांबिक चिलापी त्या मूठभर जावाच्या माशांची वंशज मानली जाते. नकाशेबाज, तुमचा बाण मोझांबिकपासून सरळ भारतात नको, जावाला वळसा घालू द्या.

नकाशेबाज
सर, बाणाला वळण दिलं. हे प्रदर्शनात भारी दिसणार.

आडवाटेचा
उशिरा आलो. एवढा कीस कशाला काढायचा तेच कळत नाही. मूळची कुठली का असेना, मासा आहे, प्रथिनं आहेत, लोक खातात. आक्रमक-आक्रमक म्हणून बोंब मारणारे शहरात बसून मारतात. भीमाकाठ साहेबांनाच विचारा, चिलापी नसती तर भिगवणच्या बाजारात काय विकलं असतं.

भीमाकाठ
मला विचारलंच आहे तर सांगतो. दोन्ही खरं आहे. चिलापी नसती तर किती घरं बसली असती. आणि चिलापी आल्यापासून मरळ दिसायची कमी झाली हेही आम्हीच बघितलंय. अर्थात पाण्यात काय काय येऊन मिसळतं ते बघता सगळं पाप चिलापीच्या माथी मारणं पण बरोबर नाही.

सिक्लिडप्रेमी
@आडवाटेचा, कीस का काढायचा ते सांगतो. निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या तज्ज्ञांनी काढलेल्या जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी आक्रमक जीवांच्या यादीत मोझांबिक तिलापिया आहे. आणि त्याच संघटनेच्या लाल यादीत हाच मासा 'असुरक्षित' म्हणून नोंदलेला आहे. उजनीत नको तितका आणि स्वतःच्या घरी धोक्यात.

कारण नाईल तिलापिया. मत्स्यशेतीसाठी झिंबाब्वे, मोझांबिक, दक्षिण आफ्रिका सगळीकडे आणली, तळ्यांतून सुटली, १९९०च्या दशकात लिंपोपोत दिसायला लागली. मघाशी म्हटलं तसा दोघांचा संकर होतो, पिल्लं वांझ नसतात, ती पुन्हा दोन्हीकडे मिसळतात. काही पिढ्यांनी पाण्यात भरपूर चिलापी असतील पण अस्सल मोझांबिकस कुठली ते जनुकं तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. करिबात तर मॉर्टिमेरीचं हेच झालं, नाईलवालीने तिला जवळजवळ हुसकून लावलं, ती आता अतिसंकटग्रस्त.

मग वाचवायचा कुठला मासा? सरकार म्हणेल या नदीत नाईल तिलापिया सोडू नका, ही नदी मोझांबिकसची आहे. शेतीवाला म्हणेल ही नदी तिची कधी नव्हतीच, तुमच्या गळवाल्यांनी सोडली. तिथे ही हद्द लागते.

आडवाटेचा
हां, असं सांगितलं तर कळतं. पण मग उजनीची अस्सल मोझांबिकस परत तिकडे पाठवा की, दोघांचं भलं.

कर्परवाला
@आडवाटेचा नको रे बाबा, जावाच्या मूठभर माशांची ती पिलावळ, आपसांतच वाढलेली, वर तिच्यातही आता नाईलचं रक्त. इकडची पाठवणी इकडे कोणी घेणार नाही. नाहीतरी मागच्या वेळी आणलेल्या लोणच्याच्या बरणीवरूनच कस्टमवाल्याने माझी अर्धा तास शाळा घेतली.

नकाशेबाज
सगळ्यांचं वाचून कच्चा नकाशा केला, शब्दांत सांगतो, चुका काढा.

उत्तरेला खालची झांबेझी, कहोरा बासाच्या घळीच्या खालून त्रिभुज प्रदेशापर्यंत. शिरे नदी कापिचिराच्या खालची. तिथून दक्षिणेला मोझांबिकच्या किनाऱ्याला मिळणाऱ्या नद्या, पुंग्वे, बुझी वगैरे. लिंपोपोचं खोरं. मग पोंगोलापर्यंत आतला भाग आणि पोंगोलाच्या खाली बुशमन्सपर्यंत फक्त बारीक किनारपट्टी, ती मी वेगळ्या फिक्या रंगात ठेवलीय, रेघ इतकी बारीक आहे की लांबून दिसणार नाही पण असू दे. ऑरेंज, नामिबिया, मलावी सरोवर, मधली-वरची झांबेझी पांढरी. प्रत्येक ठिकाणी १९५० च्या आधीचा संग्रहालयातला नमुना असेल तर भरीव ठिपका, नंतरचा असेल तर पोकळ.

सिक्लिडप्रेमी
उत्तम. दोन गोष्टी. सावे-रुंडे राहिली, झिंबाब्वेतून मोझांबिकमध्ये येते, ती मूळ हद्दीत धर. आणि लिंपोपोचं खोरं सरसकट एका रंगात नको. वरच्या टोकाला, प्रिटोरिया-जोबर्गकडच्या पठारावर, हिवाळ्यात पाणी चांगलंच गार होतं आणि तिथल्या प्रत्येक धरणात कधी ना कधी कोणीतरी मासे सोडलेले आहेत. तिथे तिरप्या रेघा मार.

कर्परवाला
ए, म्हणजे माझा हार्टबीस्पोर्टचा कर्पर संशयित? मी हरकत नोंदवतो. लिंपोपोचंच पाणी आहे ते.

सिक्लिडप्रेमी
पाणी लिंपोपोचं आहे हो, मासा कोणाच्या बादलीतून आला ते विचारतोय. धरणाच्या आधीचा एखादा नमुना मखांडाच्या संग्रहात सापडला तर रेघा पुसू. तुम्ही तिथलेच आहात, मेल टाकून विचारा त्यांना.

कर्परवाला
टाकतो. उत्तर आलं की इथेच डकवतो.

नकाशेबाज
सावे-रुंडे रंगवली, वरच्या लिंपोपोत तिरप्या रेघा मारल्या. @भीमाकाठ, त्या दोन प्रकारच्या चिलाप्यांचा शेजारी शेजारी ठेवून एक फोटो मिळेल का, शेपट्या पसरून? नकाशाच्या खाली लावायचाय.

भीमाकाठ
पहाटे होड्या लागल्या की काढून पाठवतो. काळा नर पाहिजे का? सध्या खड्डे करून बसलेत काठाला, सापडेल.

टवाळ टिंग्या
फोटो झाल्यावर मॉडेलचं काय करणार? पत्ता व्यनि करतो.